ताईचा ट्रेलर काट्यावर

ट्रेलरच्या उजव्या चाकाखालच्या वजनकाट्यावर नऊशे पंच्याऐंशी हा आकडा उमटला आणि काटेमावशी जन्मात पहिल्यांदा म्हणाली, "काटा बिघडलाय."

हे वाक्य तिच्या दुकानात दर दोन दिवसांनी कुणी ना कुणी म्हणायचं, पण ते गिऱ्हाईक म्हणायचं. मग मावशी काही न बोलता काट्याच्या पत्र्यावर स्वतः उभी राहायची. पडद्यावर अठ्ठावन्न दिसायचं आणि ती विचारायची, "माझं वजन बरोबर सांगतो आणि तुमचंच तेवढं चुकीचं सांगतो होय? तुमचं काय वाकडं आहे त्याच्याशी?" आज समोर तिची सख्खी थोरली बहीण होती, ट्रेलर बहिणीचा होता आणि वजन अंदाजापेक्षा जवळजवळ चारशे किलोंनी जास्त भरत होतं. मावशीने भावोजींना गाडी हातभर पुढे घ्यायला लावली आणि मोकळ्या झालेल्या पत्र्यावर उभी राहिली. अठ्ठावन्न. काट्याला काहीही झालेलं नव्हतं.

"पंधरा दिवसांसाठीच जाताय ना?" तिने विचारलं.

"हो हो," भावोजी म्हणाले. जरा जास्तच पटकन म्हणाले.

ताई काट्याच्या पडद्याकडे बघत होती.

मावशीचं दुकान गावातून बाहेर पडणाऱ्या रस्त्याला लागून होतं. वडिलांनी थाटलेलं. पुढे पत्र्याची शेड, मधे टायर चढवायचं यंत्र, मागे एक अंधारी खोली. वडील असेपर्यंत तिथे सगळ्या गाड्यांचे टायर मिळायचे. मावशीच्या हाती दुकान आलं तेव्हापासून तिने गाडीमागे जोडून न्यायच्या ट्रेलरचं काम धरलं. हे ट्रेलर म्हणजे चाकांवरची घरंच. आत पलंग, शेगडी, बेसिन, पाण्याची टाकी. माणसं आतले पडदे निवडायला महिना घालवतात आणि टायर निवडायला पाच मिनिटं देत नाहीत, यावर मावशीचा मोठा राग होता. "पडदा फाटला तर काय होईल? शेजारी बघतील. टायर फाटला तर?" असं ती विचारायची आणि उत्तराची वाट बघायची नाही.

वजन केल्याशिवाय ती टायर दाखवायचीसुद्धा नाही. तेही रिकाम्या ट्रेलरचं नाही. "जसं जाणार तसं आणा," हे तिचं ठरलेलं वाक्य. पाण्याची टाकी भरलेली, भांडीकुंडी आत, अंथरुणं आत, कपडे आत. वजन कंपनीच्या कागदावर लिहिलेलं आहे असं कुणी म्हणालं की ती म्हणायची, "मग कागदच गाडीला बांधून न्या की." प्रत्येक चाकाचं वजन वेगळं व्हायचं, कारण माणसं सगळा जड माल एकाच बाजूला ठेवतात आणि त्यांना वाटतं की ट्रेलर समजून घेईल. जास्त भार असलेल्या चाकाच्या आकड्यात पाचवा हिस्सा मिळवायचा आणि तेवढं पेलणारा टायर शोधायचा. त्यातही कारचा टायर नको, ट्रेलरसाठीच बनवलेला हवा, कडा जाड असलेला. यामुळे तिला लोक काटेमावशी म्हणायला लागले. तिच्या बोलण्यालाही ते नाव शोभायचं, हे कुणी तिच्यासमोर म्हणत नसे.

या सवयीने तिला गावातल्या निम्म्या लोकांची बिंगं ठाऊक झाली होती. एका निवृत्त न्यायाधीशांच्या ट्रेलरमध्ये कायद्याची दीडशे किलो पुस्तकं निघाली होती. बायको वैतागून म्हणाली होती, "समुद्रावर जातोय आम्ही, समुद्रावर!" एका नवपरिणीत जोडप्याने व्यायामाचे लोखंडी गोळे भरले होते आणि दोघंही म्हणत होते की दुसऱ्याने भरले. मावशी हे सगळं पोटात ठेवायची. रविवारी जेवायला ताईकडे गेली की मात्र एकेक गोष्ट रंगवून सांगायची आणि ताई पदर तोंडाला लावून हसायची.

ताई तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मावशी सात वर्षांची होती. तेव्हापासून वेणी घालणं, ताप आला की कपाळावर ओली घडी ठेवणं, शाळेतून नाव कापायची पाळी आली तेव्हा हेडमास्तरांशी भांडणं, सगळं ताईने केलं. पुढे ताई नकाशे काढायच्या कचेरीत लागली. तिचं अक्षर छापल्यासारखं होतं. बत्तीस वर्षं तिने रस्ते, नद्या, घाट, वळणं शाईने गिरवली. त्यातली एकही जागा पाहिली नव्हती. आधी वडील अंथरुणाला खिळले म्हणून, मग सासूबाई. मावशीचं लग्न राहून गेलं. दर रविवारचं जेवण आणि ताई, एवढंच तिचं माहेर, एवढंच सासर.

दुकानाच्या भिंतीवर एक मोठा काळा फळा होता. त्यावर पांढऱ्या रंगात टायरच्या भाराचा तक्ता रंगवलेला होता. टायरच्या कडेवर छापलेला आकडा एका बाजूला आणि तो टायर किती किलो पेलतो ते दुसऱ्या बाजूला. अठ्ठ्याण्णव म्हणजे साडेसातशे किलो, एकशे चार म्हणजे नऊशे, एकशे दहा म्हणजे एक हजार साठ. हा तक्ता ताईने लिहिला होता, एकविसाव्या वर्षी, शिडीवर उभी राहून, आणि खालून शिडी धरली होती बारा वर्षांच्या मावशीने. रंग दोनदा उडाला, दोन्ही वेळा ताईनेच येऊन पुन्हा भरला. मावशी त्या फळ्याकडे बोट दाखवून आयुष्यभर गिऱ्हाइकांशी भांडत आली होती.

आणि आता त्याच ताईच्या ट्रेलरचं उजवं चाक नऊशे पंच्याऐंशी दाखवत होतं. डावं सातशे पंचेचाळीस.

"आधी टायर बघू," मावशी म्हणाली. तिला आत जाऊन बघायचं धाडस होईना म्हणून ती टायरकडे वळली.

ट्रेलर जुना घेतलेला होता. भावोजी कौतुकाने म्हणाले, "टायर मात्र कोरे करकरीत आहेत हं. नक्षी बघ, नखभरसुद्धा झिजलेली नाही." मावशीने कमरेच्या पिशवीतून लांब दांडीचा छोटा गोल आरसा काढला. हा आरसाही भावोजींनीच दिलेला. भावोजी दातांच्या कवळ्या बनवायचे आणि दातांच्या डॉक्टरांकडचा तो आरसा मावशीने चाकाच्या आतल्या बाजूला डोकावायला वापरात आणला होता. टायर कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनला ते कडेवर चार आकड्यांत लिहिलेलं असतं, आणि बऱ्याचदा ती बाजू आत गेलेली असते. मावशी खाली आडवी झाली, आरसा फिरवला आणि तिच्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं. टायर अकरा वर्षांचे होते. तेही कारचे. आतल्या कडेला भेगाच भेगा. नुसते उभे राहून राहून उन्हात मेलेले टायर, आणि भावोजी त्यांची नक्षी दाखवत होते.

"हे कोरे नाहीत भावोजी. हे वापरायच्या आधीच म्हातारे झालेत. साडेसातशे किलोचे आहेत आणि तुम्ही त्यांच्यावर हजार लादलेत. पहिल्याच उतारावर..." हेच टायर गाडीमागे ओढत तिची बहीण दहा किलोमीटर आली होती.

मग ती हात पुसून ट्रेलरचं दार उघडून आत गेली. भावोजी "अगं, थांब, पसारा आहे" असं काहीसं म्हणत मागे आले.

उजव्या पलंगाखालची पेटी तिने उघडली आणि चार पावलं मागे सरली. आतून दात बाहेर काढून शेकडो जबडे तिच्याकडे बघत होते. प्लास्टरचे जबडे. भावोजींच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या तोंडाचे साचे, खोक्यांत रचून, प्रत्येकावर नंबर. शेजारी त्यांच्या कानशी, यंत्रं, प्लास्टरच्या पिशव्या.

"हे सहलीला?" मावशी म्हणाली.

"नाही म्हणजे, कुणाची कवळी मोडली आणि वाटेत गाठ पडली तर..." भावोजी म्हणाले आणि पेटीचं झाकण लावायला वाकले.

मावशीने दुसरी पेटी उघडली. लोकरीचे कपडे, जाड रजया. बाहेर उन्हाळा भाजत होता. तिसऱ्या पेटीत आईचं शिवणयंत्र, लोखंडी, जुन्या चादरीत गुंडाळलेलं. त्याच्या मागे काहीतरी चौकोनी, हिरवं दिसलं. मावशीने ते ओढून काढलं आणि मटकन पलंगावर बसली.

ती ताईच्या फाटकावरची पोस्टाची पेटी होती. स्क्रू एका पुडीत घालून तिच्यातच ठेवले होते.

पंधरा दिवसांसाठी जाणारं माणूस जबडे नेईल, रजया नेईल, हट्टी असेल तर शिवणयंत्रही नेईल. फाटकावरची पोस्टाची पेटी कुणी नेत नाही. मागच्याच रविवारी ती त्या फाटकातून आत गेली होती, जेवली होती, जाताना ताईने डब्यात उरलेलं बांधून दिलं होतं. तेव्हा पेटी जागेवर होती.

ताई दारात येऊन उभी राहिली.

"घर विकलं आम्ही. तीन महिने झाले ठरवून," ती म्हणाली. "सोमवारी नवे लोक राहायला येतील."

मावशीला हे शब्द ऐकू आले, पण डोक्यात शिरायला वेळ लागला. "कुणी विकलं?" तिने विचारलं. प्रश्न वेडगळ होता, पण तिला दुसरा सुचला नाही.

"आम्ही दोघांनी. अडुसष्ट वर्षांची झाले मी. जे रस्ते काढले ते बघायचेत. यांचं काम कुठेही बसून होतं. जिथे बरं वाटेल तिथे महिना राहू, पुढे जाऊ."

"आणि मला कधी सांगणार होतीस? सोमवारी? नवे लोक दार उघडतील तेव्हा?"

भावोजी खाली मान घालून जबड्यांची खोकी नीट लावत बसले होते, जणू त्यांना कुणी काही विचारणारच नव्हतं.

मावशी बाहेर आली. मागोमाग ती दोघंही उतरली. मावशी ट्रेलरच्या चाकाला टेकून उभी राहिली. डोकं सुन्न झालं होतं आणि त्या सुन्न डोक्यातून एक वाक्य तिच्या तोंडात आलं. तिने ते ठरवलं नव्हतं.

"नाही जाता यायचं," ती म्हणाली. "या मापाच्या चाकाला एवढं वजन पेलणारे टायर निघतच नाहीत. कुठेच नाहीत. ट्रेलर परत करून टाका."

बोलली आणि स्वतःच हबकली. चाळीस वर्षांत तिने कुणाला किलोभराचं खोटं सांगितलं नव्हतं. एका माणसाने एकदा वजन कमी सांगायची गळ घातली तर त्याला तिने दुकानातून हाकललं होतं. आणि आज बहिणीलाच धडधडीत थाप मारली होती, तीसुद्धा धंद्यातली. तरी वाक्य मागे घ्यावंसं वाटेना. भावोजींचा चेहरा पार उतरला. त्यांचा विश्वास बसला होता. टायरच्या बाबतीत काटेमावशी म्हणेल ते खरं, हे गावाला ठाऊक होतं.

"अगं पण..." ते म्हणाले आणि ट्रेलरच्या पायरीवर बसून राहिले. "घराचा विसार घेऊन बसलोय गं. आता?"

ताई मात्र वाकली. चाकावरचं माप वाचलं, ओठांतल्या ओठांत दोनदा म्हटलं आणि शेडमध्ये शिरली. फळ्यासमोर उभी राहिली. भार दोन्ही चाकांवर सारखा वाटला तर किती पेलावा लागेल ते मनात मोजत, स्वतःच्याच अक्षरावरून बोट खाली खाली नेत एकशे दहावर थांबली. मग मागच्या अंधाऱ्या खोलीकडे गेली. मावशीला वाटलं, हाक मारून थांबवावं. पण हाक मारली नाही.

त्या खोलीत लहानपणी दोघी दुपारच्या झोपायच्या. आता तिथे ट्रेलरचे नवे टायर ठेवलेले असत, ऊन लागू नये म्हणून कापडात गुंडाळून. ताईला दिव्याचं बटण शोधावं लागलं नाही. कापड सोडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने ती एक टायर उभा घरंगळत घेऊन बाहेर आली, अडुसष्टाव्या वर्षी, आणि मावशीच्या पायाशी तो थांबवला. माप तेच. आकडा एकशे दहा. बनल्याची तारीख याच वर्षाची, सातवा आठवडा.

"तीन आहेत असे," ताई म्हणाली. "दोन आणि एक जादा."

मावशीला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपण त्यात जावं. चोरी पकडली गेल्यासारखी ती उभी होती आणि डोळे भरून येत होते. त्या पाण्याचा तिला राग येत होता.

"तूही तेच केलंस की," ती शेवटी फटकन म्हणाली. "मी आत्ता खोटं बोलले. तू तीन महिने बोलतेयस. दर रविवारी. जेवू घालता घालता."

"हो," ताई म्हणाली. "सांगायला बसले की तू काहीतरी हसायचं सांगायचीस. कुणाचे लोखंडी गोळे, कुणाची पुस्तकं. मग माझ्याने होईना. हे म्हणाले, वजनाला नेताना निम्मं सामान उतरवून ठेवू, छोटीला संशय नको. मी म्हटलं, नाही. जसं जाणार तसंच न्यायचं. तोंडाने नाही सांगवत तर काट्याने सांगू दे."

म्हणजे ताईने सगळं भरून आणलं होतं ते चुकून नव्हे. पोस्टाची पेटीसुद्धा. आपल्याच शिस्तीने आपल्याला गाठलं हे तिला कळलं, आणि आपण त्या शिस्तीला काय केलं तेही कळलं.

मग बाहीने नाक पुसलं आणि कामाला लागली, कारण दुसरं काही तिला येत नव्हतं.

"भावोजी, बसून काय राहिलात? टायर आहेत, मी खोटं बोलले. उठा आता. ते जबडे आधी डाव्या बाजूला घ्या. सगळी खोकी. एकाच गालात घास धरल्यासारखा भरलाय ट्रेलर."

तासभर सामान इकडचं तिकडे झालं. शिवणयंत्र दोन्ही चाकं जोडणाऱ्या आसाच्या बरोबर वर, मधोमध गेलं. पुन्हा वजन झालं. उजवीकडे आठशे ऐंशी, डावीकडे आठशे पन्नास. ट्रेलरच्या आसाला अठराशे चालत होते, रिमवरचा आकडाही तिने पुसून वाचला. आठशे ऐंशीत पाचवा हिस्सा मिळवला तर एक हजार छप्पन्न. फळ्यावर एकशे दहासमोर एक हजार साठ. तिने जुने टायर उतरवले, आणि पुन्हा कुणी वापरू नयेत म्हणून तिथल्या तिथे त्यांच्या कडा कापून टाकल्या. ते करताना तिने लागला त्याहून बराच जास्त जोर लावला.

नवे चढवले, व्हॉल्व्ह नवे घातले, हवा कडेवर लिहिलेली पूर्ण भरली. भावोजींना चार वेळा बजावलं की सकाळी टायर गार असतानाच हवा मोजायची, ऐंशी किलोमीटरवर नट पुन्हा आवळायचे, शंभराच्या वर पळवायचं नाही. भावोजी शाळकरी पोरासारखे मान डोलवत होते.

"आणि किती वर्षं चालतील?" ताईने विचारलं.

"पाच. फार तर सहा. मग कितीही नवे दिसले तरी टाकून द्यायचे." मावशीने पान्हा पेटीत ठेवला. पाठ वळवूनच म्हणाली, "पण दर सहा महिन्यांनी इथे आणावे लागतील. माझ्या काट्यावर घालायला. नियम आहे तसा."

असा नियम नव्हता. जगात कुठेच नव्हता, आणि तिघांनाही ते माहीत होतं. एका दिवसात दुसरी थाप. ताई फळ्याकडे बघत होती, वरपासून खालपर्यंत, ओळ न् ओळ.

"इथे तर दिसत नाही," ताई म्हणाली.

मग तिने यंत्राशेजारचा पांढरा खडू उचलला, टायरवर खुणा करायचा, पुसता न येणारा. आता शिडीची गरज नव्हती, जागा खालीच उरली होती. ती सावकाश खाली बसली. गुडघ्यांनी कुरकुर केली तेव्हा मावशीने पुढे होऊन तिचा दंड धरला. ताईने तक्त्याच्या तळाशी लिहिलं, छापल्यासारख्या अक्षरात, जरासुद्धा हात न कापता: दर सहा महिन्यांनी ट्रेलर इथे आणणे.

तो खडू अजून उडालेला नाही. गिऱ्हाइकं ती ओळ वाचतात आणि वर्षातून दोनदा आपापले ट्रेलर लांबलांबून निमूटपणे घेऊन येतात. त्यांना खरं सांगायचं मावशीला अजून जमलेलं नाही.